यंत्राला माहूर कोण शिकवतो?

माहूरच्या एका अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी दहा-बारा मुले-मुली बसली होती. मी सहज एकाला म्हणालो, "मोबाईलला विचार, माहूर कशासाठी प्रसिद्ध आहे?" यंत्राने क्षणात उत्तर दिले. रेणुकादेवी, साडेतीन शक्तिपीठांपैकी एक, दत्तशिखर, अनुसया माता, माहूरगड. उत्तरात चूक काही नव्हती. मग मी दुसरा प्रश्न टाकायला सांगितला. "१९५६ पूर्वी माहूर कोणत्या जिल्ह्यात होते?" यंत्र तितक्याच ठामपणे म्हणाले, "नांदेड."

हे उत्तर मात्र चूक आहे. निजामाच्या हैदराबाद राज्यात माहूर हे किनवट तालुक्यात होते आणि किनवट तालुका आदिलाबाद जिल्ह्यात होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचना झाली तेव्हा किनवट आदिलाबादपासून तुटून नांदेडला जोडले गेले. मी हे सांगेपर्यंत समोरच्या एका मुलीने वहीत 'नांदेड' लिहून घेतलेही होते. ती मला म्हणाली, "सर, पण मोबाईल तर नांदेडच म्हणतोय."

मित्रांनो, त्या वाक्यापाशी मी थांबलो. आपल्या आजोबांना गावचा कुलकर्णी सांगायचा, "पोथीत तसेच लिहिलेय." आज आपली मुलगी आपल्याला सांगते, "मोबाईल तसेच म्हणतोय." म्हणून हे यंत्र शिकते कसे, कोणाचे वाचून शिकते आणि त्याच्या चुका कोण दुरुस्त करतो, हा इतिहास आपल्या कार्यकर्त्याला माहीत असायलाच हवा. हा विषय फक्त इंजिनिअरांचा नाही.

हाताने भरवण्यापासून वाचायला लावण्यापर्यंत

यंत्राला जगाची माहिती द्यायची कशी, हा प्रश्न जुना आहे. १९८४ मध्ये अमेरिकेत डग्लस लेनाट यांनी 'सायक' नावाचा प्रकल्प सुरू केला. कल्पना सरळ होती. माणसांनी बसून एकेक सामान्य गोष्ट यंत्राच्या भाषेत लिहून द्यायची. पाऊस पडला की माणूस भिजतो, मेलेला माणूस बाजारात जात नाही, अशा गोष्टी. हे काम दशकानुदशके चालले, तरी जग काही संपेना.

मग दुसरा विचार पुढे आला. माणसाने इतके लिहून ठेवलेच आहे, तर यंत्राला तेच वाचायला का लावू नये? १९९२ मध्ये मार्टी हर्स्ट यांनी दाखवले की वाक्याच्या ठरावीक साच्यांतून माहिती उचलता येते. आपल्या भाषेतले उदाहरण घ्या. "कोल्हापूर, तुळजापूर यांसारखी शक्तिपीठे" असे वाक्य दिसले की 'यांसारखी' या शब्दावरून यंत्र ओळखते की आधीची दोन नावे शक्तिपीठांची आहेत. वाक्याचा अर्थ त्याला कळलेला नसतो, त्याला फक्त साचा कळलेला असतो.

१९९८ मध्ये सर्गेई ब्रिन, म्हणजे पुढे ज्यांनी गुगल उभारली त्यांच्यापैकी एक, यांनी याच्या पुढचे पाऊल टाकले. त्यांनी यंत्राला फक्त पाच पुस्तकांची नावे आणि त्यांचे लेखक दिले. यंत्राने इंटरनेटवर ती पाच नावे कुठे कशी लिहिली आहेत ते शोधले, त्यावरून साचे बनवले आणि त्या साच्यांनी नवी पुस्तके शोधली. नव्या पुस्तकांवरून पुन्हा नवे साचे. पाच पुस्तकांची पंधरा हजारांहून जास्त झाली. २००४ च्या सुमारास वॉशिंग्टन विद्यापीठात ओरेन एट्झिओनी यांच्या गटाने 'नो-इट-ऑल' हे यंत्र बनवले. एखादी गोष्ट खरी मानायची की नाही, हे ते सर्च इंजिनवर किती पानांत ती सापडते यावरून ठरवत असे.

या साऱ्याचा कळस म्हणजे 'नेल'. पूर्ण नाव 'नेव्हर एंडिंग लँग्वेज लर्नर', कधीही न थांबता भाषा शिकणारे यंत्र. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात टॉम मिचेल यांच्या गटाने ते जानेवारी २०१० मध्ये सुरू केले. अमेरिकी संरक्षण खात्याची संशोधन संस्था आणि गुगल यांचा पैसा आणि याहूने दिलेले संगणक यांवर ते रात्रंदिवस चाले. त्याला शहर, कंपनी, खेळाडू, भाजी, नदी असे शेकडो वर्ग दिले होते आणि प्रत्येक वर्गाची दहा-पंधरा उदाहरणे. पुढे सुमारे पन्नास कोटी पाने ठेवली आणि सांगितले, वाच आणि शीक. पहिल्या ६७ दिवसांत त्याने सुमारे २ लाख ४२ हजार गोष्टी 'शिकून' ठेवल्या. त्यातल्या अंदाजे ७४ टक्के खऱ्या होत्या.

पण एक गोष्ट नीट पाहा. सुरुवातीच्या टप्प्यात यंत्राने शिकलेल्यांपैकी ९० टक्के बरोबर होते. मधल्या टप्प्यात ७१ आणि शेवटच्या टप्प्यात ५७ टक्के. जसजसे ते जास्त वाचत गेले तसतसे ते जास्त चुकत गेले. कारण एक चूक खरी मानली की पुढची दहा तिच्या आधाराने खरी वाटू लागतात. याचे गाजलेले उदाहरण म्हणजे 'कुकी'. इंटरनेटवर ब्राउझरच्या फाईलला कुकी म्हणतात. यंत्राने मात्र तिला बेकरीची बिस्किटे समजून बेकरीच्या वर्गात टाकले. मग "मी कुकी डिलीट केल्या, फाईल डिलीट केल्या" अशी वाक्ये वाचून त्याने कॉम्प्युटरच्या फाईलीही बेकरीत नेऊन ठेवल्या.

आज आपल्या मोबाईलमधली मोठी भाषा-यंत्रे असा वेगळा तक्ता ठेवत नाहीत. अब्जावधी शब्द वाचून पुढचा शब्द कोणता येईल याचा अंदाज बांधत ती बोलतात. तंत्र बदलले तरी मूळ गोष्ट तीच राहिली आहे. निखिल कांडपाल आणि सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हेच दिसले. एखाद्या गोष्टीबद्दल यंत्राच्या वाचनात जितकी पाने आली असतील, तितके त्याचे उत्तर बरोबर येण्याची शक्यता वाढते. ज्या गोष्टीची पाने थोडी, तिथे यंत्र अडखळते. आणि अडखळले तरी "मला माहीत नाही" असे क्वचितच म्हणते. जवळचे, सवयीचे उत्तर ठोकून देते. माहूर आणि नांदेड हे शब्द त्याने हजारो वेळा शेजारी वाचले, माहूर आणि आदिलाबाद क्वचित. म्हणून १९५६ पूर्वीचे माहूरही नांदेडातच.

आपल्याकडचे लोक शेतकरी आणि शेतमजूर. म्हणून मी हा सगळा कारभार शेतीच्या भाषेत मांडतो. तिथे तीन प्रश्न आहेत. बियाणे कुणाचे, रान कुणाचे आणि खुरपणी कुणाची?

बियाणे कुणाचे?

ब्रिन यांच्या पाच पुस्तकांत शेक्सपिअर होता, डिकन्स होता, विज्ञानकथा होत्या. पाच बियांतून जे पंधरा हजारांचे पीक आले ते त्याच जातीचे आले. यात ब्रिन यांचा काही कट नव्हता. माणूस ओळखीचे बियाणेच पेरतो.

आता कल्पना करा, कोणी यंत्राला 'महाराष्ट्रातील महत्त्वाची स्थळे' शिकवायला बसला आणि बियाणे म्हणून दिले पंढरपूर, शिर्डी, कोल्हापूर, तुळजापूर. यंत्र "येथील मंदिर प्रसिद्ध आहे", "येथे भाविकांची गर्दी होते" असे साचे बनवेल आणि त्या साच्यात माहूर अचूक सापडेल. पण त्याच साच्यात महाडचे चवदार तळे कधी सापडेल का? मकरणपूर सापडेल का, जिथे ३० डिसेंबर १९३८ रोजी मराठवाड्यातील अस्पृश्यांच्या परिषदेत बाबासाहेब बोलले? ज्या साच्याने माहूरची देवी सापडते, त्या साच्याने माहूर-किनवटच्या डोंगरातले कोलाम, गोंड आणि आंध सापडत नाहीत. त्यांच्याबद्दल "भाविकांची गर्दी होते" असे कुणी लिहीत नाही.

म्हणजे बियाणे टाकतानाच अर्धा निकाल लागलेला असतो. काय महत्त्वाचे, हे यंत्र ठरवत नाही. ते आधीच ठरवून दिलेले असते.

रान कुणाचे?

बियाणे कितीही चांगले असले तरी ते रानात रुजते. यंत्राचे रान म्हणजे इंटरनेट. या रानात मराठीचा वाटा केवढा? २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे सव्वाआठ कोटींहून जास्त लोक होते. तरी जगभरच्या यंत्रांना वाचायला दिल्या जाणाऱ्या इंटरनेटच्या साठ्यात मराठी एक टक्काही नाही, त्याचा दहावा हिस्साही नाही. आणि जी मराठी आहे तीत आपण केवढे?

पुण्यातील एल-थ्री-क्यूब या गटाने २०२२ मध्ये मराठी यंत्रांसाठी 'महाकॉर्पस' नावाचा साठा तयार केला. इंटरनेटवरून गोळा केलेली सुमारे २ कोटी ४८ लाख वाक्ये. हे काम फार मोलाचे आहे. मराठीची दखल घेणारी यंत्रे अशा कष्टांतूनच घडतात. पण त्यात मोठा हिस्सा बातम्यांचा आहे, कारण इंटरनेटवर मराठीत सर्वांत जास्त लिहिले जाते ते बातम्यांतच. आणि बातम्या कोण लिहितो? २०१९ मध्ये ऑक्सफॅम इंडिया आणि न्यूजलाँड्री यांनी हिंदी-इंग्रजी माध्यमांची पाहणी केली. तपासलेल्या १२१ प्रमुख पदांपैकी १०६ पदांवर सवर्ण होते. अनुसूचित जाती-जमातींचा एकही माणूस नव्हता. मराठी वृत्तपत्रे त्या पाहणीत नव्हती. मराठीत चित्र वेगळे आहे असे ज्याला वाटते, त्याने आपल्या जिल्ह्याच्या पुरवणीखालची नावे मोजून पाहावीत.

मूकनायकाचा पहिला अंक ३१ जानेवारी १९२० ला निघाला आणि बहिष्कृत भारत ३ एप्रिल १९२७ ला. पुढे जनता, पुढे प्रबुद्ध भारत. आपला समाज शंभर वर्षांपासून लिहितो आहे. औरंगाबादहून गंगाधर पानतावणे यांचे 'अस्मितादर्श' निघत होते, गावोगावी नियतकालिके निघाली, जयंतीच्या स्मरणिका निघाल्या. मग हे यंत्राला का दिसत नाही? कारण साधे आहे. बरेचसे छापील आहे आणि कुणाच्या तरी माळ्यावर पोत्यात पडलेले आहे. जे संगणकावर टाईप झाले ते डीटीपीच्या दुकानात जुन्या श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये झाले. त्या फॉन्टमधला मजकूर आपल्याला देवनागरी दिसतो, यंत्राला मात्र तो इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. आणि जे पीडीएफ करून टाकले आहे त्यातले कित्येक नुसते फोटो आहेत.

सरकारची कथा वेगळी नाही. बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे खंड वसंत मून यांच्या संपादनाखाली १९७९ पासून निघू लागले. पण हे काम पुढे इतके रखडले की डिसेंबर २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला त्याची स्वतःहून दखल घ्यावी लागली.

उलट उदाहरणही आपल्या मराठवाड्यातच आहे. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदी शोधण्यासाठी मराठवाड्यातल्या तहसीलींतले जुने दप्तर उघडले गेले. मोडी वाचणारे शोधले, उर्दू वाचणारे शोधले, कागद स्कॅन झाले, संकेतस्थळांवर आले. त्या आरक्षणाच्या वादात मी इथे शिरत नाही. मी एवढेच म्हणतो की सत्तेला गरज वाटली तेव्हा निजामकाळचे उर्दू कागद काही महिन्यांत वाचता आले. मग महारवतनाचे, गायरानाचे, वेठबिगारीचे कागद कधी वाचले जाणार? किनवट-माहूरचे आदिलाबाद जिल्ह्यातले जुने दप्तर कधी उघडणार? ते उघडले असते तर त्या मुलीच्या मोबाईलने "आदिलाबाद" म्हटले असते.

खुरपणी कुणाची?

आता तिसरा प्रश्न. 'नेल' सुरू झाल्यावर पहिले सहा महिने त्याला मोकळे सोडले होते. मग संशोधकांच्या लक्षात आले की बहुतेक वर्गांत ते ठीक शिकते, पण सुमारे चौथाई वर्गांत वाहवत जाते. तेव्हा त्यांनी दर दोन आठवड्यांनी प्रत्येक वर्ग पाच मिनिटे नजरेखालून घालायला सुरुवात केली. ढळढळीत चूक दिसली की उपटून टाकायची. पिकात तण माजू नये म्हणून खुरपणी. एवढ्याशा पाच मिनिटांनी यंत्राचे शिकणे सुधारले.

पण ती पाच मिनिटे पिट्सबर्गच्या विद्यापीठात बसलेला माणूस देत होता. कुकी बेकरीची नाही, हे त्याला दिसणारच. पण पुढचे तण त्याला दिसेल का?

'नामांतर' हा शब्द घ्या. आपल्या पिढ्यांसाठी या शब्दाचा अर्थ एकच. २७ जुलै १९७८ चा मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा विधिमंडळाचा ठराव, त्यानंतर पेटलेल्या वस्त्या, जोगेंद्र कवाडे यांचा लाँग मार्च आणि १४ जानेवारी १९९४ चा नामविस्तार. पण २०२३ नंतर इंटरनेटवर 'नामांतर' म्हणजे शहरांची नावे बदलणे. नव्या बातम्यांची संख्या इतकी आहे की जुना अर्थ त्याखाली गाडला जातो. हेच ते वाहवत जाणे.

'टेंभुर्णी' घ्या. यंत्राला टेंभुर्णी म्हटले की सोलापूर जिल्ह्यातली, पुणे-सोलापूर रस्त्यावरची टेंभुर्णी आठवते. आपल्या नांदेड जिल्ह्यातली टेंभुर्णी, जिथे ऑगस्ट १९७८ मध्ये पोचिराम कांबळे यांना "जय भीम" म्हणणे सोडत नाहीत म्हणून मारले गेले, ती दुसरी आहे. एकाच नावाच्या दोन जागा वेगळ्या ओळखणे हे यंत्राला सुरुवातीपासून अवघड गेले आहे. जिच्याबद्दल जास्त पाने, ती जिंकते. हुतात्म्याचे गाव हरते.

आणि 'भीम' घ्या. एक महाभारतातला, एक पैसे पाठवण्याचे ॲप, एक २०२१ च्या तमिळ चित्रपटाच्या नावातला आणि एक आमच्या घरातला. यांतला कोणता भीम कोणत्या वाक्यात आहे, हे खुरपणीला बसलेल्या माणसाला माहीत नसेल तर यंत्राला कोण सांगणार?

शंभर तोंडे, एक साक्षीदार

इथे कुणी म्हणेल, "पण यंत्र तर बहुमताने चालते. अनेक ठिकाणी लिहिले आहे तेच ते खरे मानते. यात वाईट काय?"

वाईट असे की बहुमत तेव्हाच पुरावा ठरते, जेव्हा प्रत्येक साक्षीदार स्वतःच्या डोळ्यांनी पाहून बोलत असतो. एकाने सांगितले आणि नव्याण्णवांनी त्याचेच उचलले, तर साक्षीदार एकच, तोंडे शंभर. संगणकाच्या अभ्यासकांनाही हे कळलेले आहे. २००९ मध्ये झिन लुना डाँग, लॉर बर्टी-एक्विल आणि दिवेश श्रीवास्तव यांनी हाच मुद्दा मांडला. इंटरनेटवरची ठिकाणे एकमेकांची नक्कल करतात. म्हणून मते मोजण्याआधी कोण कुणाची नक्कल करतो ते शोधले पाहिजे. नाहीतर खोटी गोष्ट केवळ संख्येवर जिंकते.

आणि या देशात एकाच तोंडचे शंभर तोंडांनी वदवण्याची कला कुणाला शिकवायची? स्मृतीत आहे म्हणून पुराणात, पुराणात आहे म्हणून कीर्तनात, कीर्तनात आहे म्हणून लोकांच्या तोंडी आणि लोकांच्या तोंडी आहे म्हणून ते खरे! वर्णव्यवस्था अशीच 'सिद्ध' झाली. बाबासाहेबांनी 'शूद्र पूर्वी कोण होते?' या १९४६ च्या ग्रंथात नेमकी हीच साखळी तोडली. पुरुषसूक्त आहे, ब्राह्मणग्रंथ आहेत, पुराणे आहेत, सगळे सांगतात म्हणून ते खरे, असे त्यांनी मानले नाही. प्रत्येक साक्षीदाराला वेगळे उभे करून विचारले. मग दिसले की वर्णांच्या उत्पत्तीबद्दल त्यांचे एकमेकांशी जुळत नाही आणि पुरुषसूक्त स्वतःच नंतरची भर आहे. आज ज्याला स्रोतांची तपासणी म्हणतात ती हीच.

त्याच्याही अडीच हजार वर्षे आधी केसपुत्तच्या कालामांनी तथागतांना विचारले होते की इतके लोक इतके वेगवेगळे सांगतात, खरे कोणाचे मानायचे? तथागतांनी त्यांना ऐकीव गोष्टीवर, परंपरेवर, ग्रंथाच्या आधारावर आणि गुरूच्या मोठेपणावर विसंबू नका असे सांगितले आणि स्वतः तपासून घ्यायला शिकवले. ज्या यंत्राचे सारे ज्ञान ऐकीव आहे, त्याच्यासमोर बसताना कालामसुत्ताइतके उपयोगी शिक्षण दुसरे नाही.

माहूरचेच पाहा. माहूरला डोंगरात कोरीव लेणी आहेत. लोक त्यांना पांडवलेणी म्हणतात. नाशिकच्या लेण्यांनाही पाटीवर पांडवलेणीच म्हणतात. यंत्र ही दोन नावे वाचून काय शिकेल? पांडवांनी लेणी कोरली. पण नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांत भिंतीवर ब्राह्मी अक्षरे आहेत. नहपानाचा जावई उषवदात बोलतो, गौतमीपुत्र सातकर्णीची आई गौतमी बलश्री बोलते आणि ती दाने भिक्खूसंघाला दिली असे सांगते. शिलालेख हा स्वतंत्र साक्षीदार आहे. त्याने कुणाची नक्कल केलेली नाही. शंभर पाट्यांपेक्षा तो एक भारी.

पण म्हणूनच मी माहूरची लेणी बौद्धांची आहेत, असे इथे लिहिणार नाही. सर्वसाधारणपणे ती राष्ट्रकूट काळातली मानली जातात. नाव सारखे आहे एवढ्यावरून ती आपली म्हणायची, तर आपण आणि ते यंत्र यांत फरक काय?

आपल्या घरातले तण

हे लागेल, पण बोलले पाहिजे. आपणही नक्कल करतो. "बाबासाहेबांच्या ३२ पदव्या", "जगातल्या सर्वांत हुशार विद्यार्थ्यांच्या यादीत पहिला क्रमांक" हे संदेश आपण दर १४ एप्रिलला पुढे ढकलतो. खरे काय आहे? मुंबई विद्यापीठाची बी.ए., कोलंबियाची एम.ए. आणि पीएच.डी., लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सची एम.एस्सी. आणि डी.एस्सी., ग्रेज इनची बॅरिस्टरी. शिवाय सन्मान म्हणून १९५२ मध्ये कोलंबियाची एलएल.डी. आणि १९५३ मध्ये हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाची डी.लिट. त्या काळच्या एका महाराच्या पोराने मिळवलेल्या या पदव्या कमी आहेत का, की त्यांना फुगवावे लागते?

आपण जे खोटे शंभर ठिकाणी टाकतो, तेच यंत्र वाचते. उद्या कुणी ते खोटे पकडले की खऱ्यावरही शंका घेतो. बाबासाहेबांची चळवळ पुराव्यावर उभी आहे. तिला अफवेचा टेकू लागत नाही.

मग करायचे काय?

काही तरुण मला विचारतात, "आपण फुकटात लिहायचे आणि या कंपन्यांनी ते वाचून पैसा कमवायचा?" प्रश्न रास्त आहे. आपल्या श्रमाचे मोल मागणे ही आपली जुनी लढाई आहे आणि ती इथेही लढली पाहिजे. पण आपण गप्प बसलो म्हणून यंत्र आपल्याबद्दल बोलायचे थांबणार नाही. ते दुसऱ्याने आपल्याबद्दल लिहिलेले वाचून बोलेल. आणि आपण लिहू ते आधी आपल्या मुलांसाठी असेल, यंत्रासाठी नंतर.

हे होते, याचा पुरावा आहे. गी पॉइतवॅं आणि हेमा राईरकर यांनी गावोगावच्या बायांच्या जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. २०१७ पासून 'परी' या संकेतस्थळावर त्या मजकुरासह येऊ लागल्या. त्यात बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगरातल्या बायांनी बाबासाहेबांवर रचलेल्या ओव्याही आहेत. ज्यांना पाटी-पेन्सिल मिळाली नाही त्या बायांचे शब्द आज जगातले कोणतेही यंत्र वाचू शकते. कारण कुणीतरी गावात गेले, बसले, ऐकले आणि उतरवून घेतले.

म्हणून माझे म्हणणे असे. तुमच्या तालुक्यातली एकेक गोष्ट घ्या आणि ती पूर्ण लिहा. नुसते 'टेंभुर्णी' लिहू नका, जिल्हा-तालुक्यासह लिहा. नुसते 'नामांतराच्या वेळी' लिहू नका, साल-महिना लिहा. हे तुम्हाला कोणी सांगितले किंवा कुठल्या कागदात दिसले, तेही लिहा, म्हणजे पुढचा माणूस तपासू शकेल. युनिकोडमध्ये टाईप करा, फोटो टाकू नका. जुनी स्मरणिका सापडली तर आधी स्कॅन करा, मग तिचा मजकूर उतरवा. मराठी विकिपीडियावर सगळे मिळून सुमारे लाखभर लेख आहेत. तुमच्या गावाचा लेख उघडून पाहा आणि चूक असेल तर संदर्भ देऊन दुरुस्त करा. ही आपली खुरपणी.

आणि एक जपून करा. अत्याचारात भरडलेल्या बाईचे नाव, तिचे घर, तिची मुले हे तिला विचारल्याशिवाय कुठेही लिहू नका. ज्याच्या दुःखाची ती गोष्ट आहे, ती सांगायची की नाही हे त्यानेच ठरवायचे. आपल्याला कुणी न विचारता वापरले, याची चीड आपल्याला आहे. तेच आपण आपल्या माणसांना करू नये.

त्या दिवशी अभ्यासिकेतून निघताना त्या मुलीने वहीत 'नांदेड' खोडले आणि 'आदिलाबाद' लिहिले. मग तिने मला विचारले, "सर, हे तुम्हाला कुठून कळले?" मला तिचा हा प्रश्न फार आवडला. मोबाईललाही तिने तो विचारावा आणि मलाही विचारावा. मी तिला जुन्या हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यातल्या तालुक्यांची यादी लिहून दिली आणि सांगितले, "माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. जा आणि तपास."

जय भीम!